बाकी तसंच

"मामा, आत्ता माझं डोकं उठवू नका."

एवढंच म्हणाले मी, तेही मान वर न करता. समोर हजेरीपट उघडा, त्यावर टाचणवही, टाचणवहीत तीन महिन्यांच्या राहून गेलेल्या नोंदी, आणि साडेअकराला तपासणी यायची होती. दारात ऐवळेमामा उभे होते. हातात मीच सकाळी लिहून दिलेली चिठ्ठी.

"डोकं न्हाई उठवत," ते म्हणाले. "येकच इचारतो. तुकडा तेवढाच ना?"

"तेवढाच. लिहिलंय ना त्यात?"

"लिवलंय. पन हे खालचं..."

"मामा!"

चिठ्ठीची घडी घालत ते "दमलाय तुमी मॅडम," म्हणाले आणि प्रयोगशाळेत गेले. मी पुन्हा सह्या करायला लागले. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली, पण ते अर्धवट तोडलेलं वाक्य अजून माझ्या कानात तसंच आहे.

आटपाडीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. दुसरी जागा रिकामी, ती भरायचं नाव कुणी काढत नव्हतं, म्हणून दोन माणसांचे तास मी एकटी घ्यायची. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे चारला उठायचं, त्यांचं सगळं करायचं, डबे भरायचे आणि एसटीनं यायचं. फळ्यासमोर उभी राहिले की तोंड आपोआप चालायचं. आवर्तसारणीचा धडा तर मी झोपेतही शिकवला असता. डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातो, गणात वरून खाली येताना मोठा होत जातो. खाली यावं तसा शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो, त्याच्यावरची पकड सैल होते, म्हणून तो चटकन सुटतो. म्हणून लिथियमपेक्षा सोडियम तापट आणि सोडियमपेक्षा पोटॅशियम तापट. लिहून घ्या.

पोरं लिहून घ्यायची. पण हे सगळं खरं ऐकणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे वर्ग आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या दारात उभे राहणारे ऐवळेमामा. दादू ऐवळे, आमचे शिपाई. सेवेत एकतीस वर्षं. माझ्या आधीपासून ते त्या प्रयोगशाळेत होते. एकदा तास संपल्यावर मला म्हणाले होते, "म्हंजे मॅडम, मधल्या घरातलं पोर आईच्या नजरंखाली आसतं. आन् दारात बसलेल्याला कुनी बी हाक मारली की गेलंच ते."

"अगदी बरोबर मामा," मी म्हटलं होतं. "तुम्ही माझ्या जागी शिकवा."

ते लाजले होते. पण चेष्टेत का होईना, मी खरंच बोलले होते. बावन्नाव्या वर्षी या माणसानं बाहेरून बसून दहावी काढली होती. गणितात दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. कशासाठी? तर शिपायाचं 'प्रयोगशाळा सहाय्यक' व्हावं म्हणून. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आठ महिन्यांसाठी त्या पदाचं काय करणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नातवाच्या शाळंत आजोबा काय करतो म्हनून लिवायचं आसतं मॅडम."

तेव्हा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर मीच प्राचार्यांकडे, डुबल सरांकडे गेले होते. "सर, प्रात्यक्षिक या वेळी मामांना करू द्या. साहेबांसमोर. ते सहाय्यकाचं काम करतात हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे, मग तुम्ही शिफारस ठेवा."

"ऐवळे करेल?" डुबल सरांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा बरं करतील."

"मग काहीतरी दणकेबाज ठेवा. दरवर्षी तेच तेच नको."

दरवर्षी आम्ही काय करायचो, तर सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा काचेच्या घंगाळात पाण्यावर सोडायचो. तो चर्र करत पाण्यावर पळतो, पाण्यात आधी फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घातलेले असले की मागं गुलाबी रेघ उमटते, पोरं टाळ्या वाजवतात. मामांचा हात त्यावर इतका बसला होता की रॉकेलच्या बाटलीतून वडी काढावी, चाकूनं कापावं, की दर वेळी तोच वाटाणा. तर मी दणकेबाज म्हणून पोटॅशियम घ्यायचं ठरवलं. ते पाण्यावर पडल्या पडल्या जांभळट ज्योतीनं पेटतं, दिसायला फार सुंदर.

आमच्याकडे पद्धत अशी की मॅडमनी सकाळी चिठ्ठी लिहायची, मामांनी त्याप्रमाणे ट्रे लावायचा. काम झालं की चिठ्ठी दारामागच्या तारेला टोचायची. काही फुटलं, सांडलं, तर कुणी काय मागितलं होतं ते त्या तारेवर सापडायचं. त्या दिवशी सकाळी एसटीतून उतरल्यावर उभ्या उभ्या मी चिठ्ठी लिहिली: "सोडियमऐवजी पोटॅशियम. बाकी तसंच."

बावीस वर्षं जी बाई फळ्यावर घसा फोडून सांगत होती की खाली उतरलं की काहीच तसंच राहत नाही, तिनं लिहिलं, बाकी तसंच! तांदळाच्या कणीएवढा तुकडा पुरला असता. मला ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी मी विचारच केला नाही, आणि ज्यानं केला त्याला मी बोलू दिलं नाही.

साडेअकराला साहेब आले. सफारी घातलेला, हसरा माणूस. डुबल सर शेजारी. मी प्रास्ताविक केलं आणि म्हटलं, "आज प्रात्यक्षिक आमचे ऐवळेमामा करून दाखवतील." पोरांनी बाकं वाजवली. मामांनी नवा पांढरा ॲप्रन घातला होता, बायकोनं घरी शिवलेला, एक खिसा थोडा वर गेलेला. त्यांनी चिमट्यात तुकडा धरला. मी खुर्चीत टेकले होते. खरं सांगते, मला तेव्हा इतकंच वाटलं होतं की चला, दहा मिनिटं बसायला मिळालं.

तुकडा पाण्यावर टेकला न टेकला तोच जांभळा जाळ झाला आणि धाडकन आवाज आला. घंगाळाचे तुकडे उडाले. पोरं ओरडत मागं पळाली. साहेबांच्या सफारीवर छातीपासून गुडघ्यापर्यंत गुलाबी पाणी. आणि मामा उजवा हात डाव्या हातात धरून तसेच उभे होते, भुवईवरून रक्त वाहत डोळ्यात उतरत होतं. ते कुणाकडे बघत नव्हते. फुटक्या घंगाळाकडे बघत होते.

"पोरं बरी हायत का?" त्यांनी एवढंच विचारलं.

पोरं बरी होती. मामांचा हात मात्र मनगटापर्यंत भाजला होता आणि भुवईला चार टाके पडले. साहेब जाताना डुबल सरांना म्हणाले, "उद्या लेखी अहवाल पाठवा. चूक कुणाची ते स्पष्ट पाहिजे." आता ते हसत नव्हते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. कशाला गेले ते लपवत नाही. चिठ्ठी काढून फाडायला गेले. दारामागच्या तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या पाहिल्या, एकेक उलटून पाहिल्या. वर कालची होती, परवाची होती. आजची नव्हती.

म्हटलं, नेली! म्हाताऱ्यानं बरोबर चिठ्ठी काढून घेतली, उद्या टेबलावर ठेवणार. आणि माणसाचं मन किती हलकं असतं बघा, ज्याचा हात माझ्यामुळे भाजला त्याचाच मला राग आला. रात्रभर सासूबाईंच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. नोकरी गेली तर घर कसं चालायचं, बावीस वर्षांचं नाव मातीत जाईल, हेच डोक्यात. मामांच्या नातवाचा विचार एकदासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला डुबल सरांच्या खोलीत आम्ही तिघंच. मामांच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. ते उभे होते, मी बसले होते. त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"ऐवळे, तुकडा मोठा होता?" सरांनी विचारलं.

"व्हता साहेब."

"तुम्हाला किती सांगितलं होतं? चिठ्ठी होती का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आदल्या दिवशी दारातून "तेवढाच ना?" विचारलं होतं, तसंच विचारल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "मॅडमना इचारा, साहेब."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, हा म्हातारा मला बोलतं करतोय, मग खिशातून चिठ्ठी काढेल. त्याच्या आत आपण बोलून मोकळं व्हावं.

"चिठ्ठी नव्हती," मी म्हटलं. "तोंडी सांगितलं होतं. लहान तुकडा घ्या म्हणून."

मामांचा डावा हात खिशाकडे गेला नाही. ते म्हणाले, "मॅडम म्हनत्यात तर तसंच आसंल."

आणि झालं. ते गेल्यावर डुबल सरांनी अहवालाचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. "परिचराच्या निष्काळजीपणामुळे," असं लिहिलं होतं.

"सर, त्यांच्या बढतीचं?" मी विचारलं.

"आता कसली बढती मॅडम?" ते थकल्यासारखे म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. "हे कुणाच्या तरी अंगावर घालावंच लागणार. तुमच्यावर घातलं तर विज्ञान शाखाच बंद पडेल. खालच्या माणसाचं बरं असतं, त्याला सोडून देता येतं."

मी सही केली.

त्यानंतर सोडियम, पोटॅशियम सगळं बंद झालं. ते बाटल्यांचं लाकडी कपाट कुलूप लावून कोपऱ्यात ढकललं गेलं. मामा रोज यायचे, ट्रे लावायचे, काचसामान धुवायचे. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून परीक्षानळ्या डाव्या हातानं धरायचे. माझ्याशी बोलणं तेच, अदब तीच. फक्त एक झालं. मी वर्गात शिकवायला लागले की ते मधलं दार आतून लावून घ्यायचे.

आठ महिन्यांनी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ. छापील कार्डावर 'श्री. दादू ऐवळे, शिपाई' असं होतं. मी भाषण केलं. 'प्रयोगशाळेचा आधारस्तंभ' म्हणाले. टाळ्या पडल्या. मामांनी हात जोडले, भाजलेला हात खाली ठेवून.

पुढं तीन वर्षांनी प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली. नवा परिचर मला म्हणाला, "मॅडम, त्या कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली कुणाकडे?" एक किल्ली मामांनी जाताना कार्यालयात दिली होती, ती केव्हाच हरवली होती. दुसरी माझ्या पर्समध्ये होती. पहिल्यापासून माझ्याकडेच होती. पण ती वापरायची वेळ मामांनी माझ्यावर कधी येऊ दिली नव्हती.

मी कपाट उघडलं. आत प्रत्येक फळीच्या कडेला एकेक बारीक खिळा ठोकलेला, आणि प्रत्येक खिळ्याला त्या त्या बाटलीच्या चिठ्ठ्या. साध्या कामाच्या चिठ्ठ्या दारामागच्या तारेवर, पण पेटणाऱ्या आणि विषारी वस्तूंच्या चिठ्ठ्या कुलपाच्या आत, त्या बाटलीशेजारी. एकतीस वर्षांची पद्धत त्यांची, आणि मी कधी विचारलं नव्हतं. सोडियमच्या खिळ्याला जाड गठ्ठा. खालच्या फळीवर पोटॅशियम. त्या खिळ्याला एकच चिठ्ठी.

"सोडियमऐवजी पोटॅशियम. बाकी तसंच." माझं अक्षर. आणि त्याखाली, दहावीच्या पेपरात काढावं तसं एकेक अक्षर सुटं काढून: "मॅडमना विचारले. तेवढाच म्हणाल्या. वेळ ९-४५. दा. ऐवळे."

मी तिथंच स्टुलावर बसले. नवा पोरगा म्हणाला, "मॅडम, पाणी आणू?" मी नको म्हटलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी मामांच्या गावी गेले. एसटीच्या थांब्यापासून दीड मैल चालत. ते ओसरीवर बसून शेंगा फोडत होते, डाव्या हातानं. मला बघून उठले, बायकोला हाक मारली, "अगं, आमच्या मॅडम आल्यात, चहा टाक." अजून 'आमच्या' म्हणत होते.

मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी चष्मा लावला, बघितली.

"घावली व्हय," ते म्हणाले.

"मामा, ही त्या दिवशी का दाखवली नाहीत?" मी विचारलं. "सरांनी सरळ विचारलं होतं. दहा पावलांवर कपाट होतं. किल्ली तुमच्या कमरेला होती."

"दुसरी तुमच्याकडं व्हती की."

माझा हात पर्सकडे गेला.

"मी म्हनलं, मॅडम सांगतील," ते शेंगांकडे बघत म्हणाले. "मी चिठ्ठी काढून तुमाला खोटं पाडलं आसतं, तर आठ म्हयनं त्या खोलीत तुमी आन् मी येकमेकाकडं बघनार कसं? तवा म्हनलं, आपन वाट बघावी. डुबल साहेबांनी इचारलं तवा बघितली. सत्काराला तुमी भाषनाला उठला तवा बी बघितली. म्हनलं, आता सांगतील."

"मामा, मी..."

"नातवानं लिवलं शाळंत. आजोबा शिपाई. खोटं न्हाई त्यात काय."

मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ द्या मॅडम, झालं गेलं. आपल्याकडे म्हातारी माणसं असंच म्हणतात आणि आपण हलके होऊन घरी येतो. खरं सांगायचं तर मी त्याच आशेनं दीड मैल चालत गेले होते. मी म्हटलं, "मी आता तरी लिहून देते. संस्थेला, सगळं खरं खरं."

मामा उठले, आत गेले. आले ते नातवाची वही आणि पेन घेऊन. वहीची मधली दोन पानं नीट उपसून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"द्या लिवून," ते म्हणाले. "दोन परती करा. येक संस्थेला, येक मला."

मी लिहायला लागले. चार ओळींत आटपेल असं वाटलं होतं. ते शेजारी बसून वाचत होते. मी 'चिठ्ठीत सूचना अपुरी होती' असं लिहिलं, तर म्हणाले, "काय अपुरी व्हती ते लिवा." मी लिहिलं. "मी इचारलं व्हतं ते लिवा." ते लिहिलं. "तुमी काय म्हनला ते बी लिवा." मी लिहिलं, 'माझं डोकं उठवू नका.' तिथं माझ्या डोळ्यांतून पाणी पडलं आणि शाई थोडी पसरली. "आसू द्या," ते म्हणाले. "म्होरं लिवा. साहेबांच्या खोलीतलं." ते लिहिताना हात थांबला. त्यांनी घाई केली नाही. सगळं लिहून होईपर्यंत एका पानाच्या दोन्ही बाजू भरल्या, मग दुसरी प्रत काढताना आणखी तेवढाच वेळ गेला. चहा केव्हाच निवून गेला होता.

संस्थेला दिलेल्या प्रतीवर आवक क्रमांक पडला. तिचं पुढं काय झालं ते मला निवृत्त होईपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि मला कुणी काही विचारलंही नाही. त्यानंतरची अकरा वर्षं मी तोच धडा शिकवला. गणात वरून खाली येताना पकड सैल होत जाते, इथवर आलं की माझं तोंड आपोआप चालेना. थांबून, एकेक शब्द उच्चारून सांगायची. पोरांना वाटायचं, मॅडम आता म्हाताऱ्या झाल्या.

त्या दिवशी ओसरीवर मामांनी त्यांची प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, ओठ हलवत. माझ्या सहीखाली स्वतःची सही केली, वेळ टाकली. मग न मिटणाऱ्या दोन बोटांत कागद धरून ओसरीच्या खांबाला ठोकलेल्या खिळ्यावर टोचला आणि तो पडत नाही ना ते हलवून पाहिलं.

"अगं, दुसरा चहा आन गं," त्यांनी आत हाक दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टेका मॅडम जरा भिंतीला. दमला आसाल."